तीन ओळींच्या तारा, डावा खांदा: नॅन्सी रिचर्ड्स आणि वेल्सची हार्प

पहिल्यांदा 'केर्द दान्त' ऐकलं तेव्हा मला वाटलं, गायिकेची सुरुवात हुकली. हार्पवर एक ठसठशीत चाल सुरू झाली. आता गाणं येईल म्हणून कान टवकारले, तर गाणं आलंच नाही. चाल आपली पुढे चालली. ती बरीच पुढे गेल्यावर गायिकेनं शांतपणे सूर लावला, आणि तोही हार्पच्या चालीतला नाही, स्वतःचा वेगळाच. एक वर चढत होती तेव्हा दुसरी खाली येत होती. मग शेवटच्या शब्दाला, शेवटच्या स्वरावर दोघी अशा नेमक्या एकत्र आल्या की मी ते रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर लक्षात आलं, काहीच हुकलेलं नव्हतं. उशिरा येणं हाच या गाण्याचा नियम आहे.

हे गाणं वेल्सचं. ज्या वाद्याच्या साथीनं ते वाढलं ती तीन ओळींची हार्प विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ संपत आली होती. ती संपली नाही, याचं मोठं श्रेय एका शेतकरी घरातल्या मुलीला जातं. तिचं नाव नॅन्सी रिचर्ड्स. ती ९१ वर्षं जगली आणि त्यातली ऐंशीच्या आसपास वर्षं हार्पच्या संगतीत गेली. तिनं नेमकं काय सांभाळलं हे समजून घ्यायचं तर आधी ते वाद्य समजायला हवं, आणि ते गाणंही. दोन्ही दिसतात त्यापेक्षा गुंतागुंतीची आहेत, पण नीट उलगडली की अवघड नाहीत.

आधी वेल्सबद्दल दोन शब्द. ब्रिटनच्या पश्चिमेला असलेला हा डोंगराळ देश. तिथले लोक स्वतःच्या देशाला 'कम्री' म्हणतात. त्यांची वेल्श भाषा म्हणजे इंग्रजीची बोली नाही. ती केल्टिक कुळातली वेगळी, जुनी भाषा आहे. २०२१ च्या जनगणनेत ५,३८,३०० लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येतं असं सांगितलं, म्हणजे शंभरात जेमतेम अठरा. वेल्समध्ये हार्पची गोष्ट भाषेच्या गोष्टीपासून सुटी करता येत नाही. हार्पला तिथे 'तेलिन' म्हणतात. वाजवणारा पुरुष असेल तर 'तेलनोर', बाई असेल तर 'तेलनोरेस'. नॅन्सी रिचर्ड्सला अख्खा देश 'तेलनोरेस मालद्विन' म्हणायचा. मालद्विन म्हणजे तिचा मंटगमरीशर हा परगणा. जोन्स, विल्यम्स, रॉबर्ट्स अशी मोजकीच आडनावं असलेल्या देशात कवी आणि वादक अशी वेगळी नावं घेतात, आणि पुढे लोक त्यांना त्याच नावानं ओळखतात.

१४ मे १८८८ ला पेन-अ-बॉन्ट-वाउर नावाच्या गावात तिचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचं. ती लहानपणी कोणाकडून शिकली यात सगळी मेख आहे, पण त्याकडे थोड्या वेळानं येऊ. आधी तिच्या खांद्यावर जे वाद्य होतं ते जवळून पाहू.

हार्प म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती ऑर्केस्ट्रातली, उंच, सोनेरी मुलामा दिलेली. तिला ४७ तारा असतात, सगळ्या एकाच ओळीत. प्रत्येक सप्तकात सात तारा, म्हणजे पियानोच्या नुसत्या पांढऱ्या पट्ट्या असाव्यात तसं. मग कोमल-तीव्र सूर आणायचे कुठून? त्यासाठी पायाशी सात पेडल असतात. एक पेडल दाबलं की त्या नावाचे सगळ्या सप्तकांतले सूर एकदम अर्ध्या स्वरानं सरकतात. सेबास्टियन एरार नावाच्या कारागिरानं १८१० मध्ये या यंत्रणेच्या सुधारलेल्या रूपाचं पेटंट घेतलं, आणि ऑर्केस्ट्रातली हार्प आजही साधारण त्याच तत्त्वावर चालते.

वेल्सच्या तीन ओळींच्या हार्पला, म्हणजे 'तेलिन देइरेस'ला, पेडल नसतं. यंत्र म्हणावं असं काहीच नसतं. कोमल-तीव्र सुरांसाठी तिथे वेगळ्या ताराच लावलेल्या असतात. त्यामुळे तारांची संख्या नव्वदच्या आगेमागे जाते. त्या तीन समांतर ओळींत असतात. बाहेरच्या दोन ओळी अगदी सारख्या, एक एका हाताच्या बाजूला, दुसरी दुसऱ्या हाताच्या बाजूला. दोन्हींत तेच सूर, त्याच क्रमानं. पियानोच्या काळ्या पट्ट्यांवरचे सूर असतात ते मधल्या ओळीत.

आता कल्पना करा. वादकाला मधल्या ओळीतला एक कोमल सूर हवा आहे. बाहेरच्या ओळीतल्या दोन शेजारच्या तारांमधल्या फटीतून बोट आत घालायचं, आतली तार छेडायची आणि तसंच बाहेर काढायचं. बाहेरच्या तारेला बोट घासलं की ती कुरकुरते किंवा नको तो सूर बोलते. हे सगळं चालीच्या वेगात, आणि दुसरा हात आपलं काम करत असताना. मधली ओळ नीट दिसतही नाही, बोटांना तिची जागा पाठ असावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? याचं उत्तर बाहेरच्या दोन सारख्या ओळींत आहे. एका ओळीच्या हार्पवर एकच सूर लागोपाठ दोनदा वाजवायचा असेल तर दुसऱ्यांदा बोट तारेला टेकलं की आधीचा नाद तिथेच विझतो. तीन ओळींच्या हार्पवर तो सूर दोन्ही बाजूंना आहे. एका हातानं छेडला, त्याचा नाद घुमत असतानाच दुसऱ्या हातानं आपल्या बाजूची तीच तार छेडली. पहिला नाद विझत नाही, दुसरा त्यात मिसळतो. दोन हात आळीपाळीनं असे चालू लागले की एकाच सुराची लहर उठते, दरीत हाक मारल्यावर प्रतिध्वनी मूळ हाकेच्या पाठोपाठ यावा तशी. नॅन्सीच्या वादनात ही लहर कानाला लगेच ओळखू येते. पेडलच्या हार्पवर असे तुकडे बसवता येत नाहीत असं नाही, पण तो नाद येत नाही. वाद्याची बांधणीच वेगळी आहे.

आणखी एक गोष्ट. ऑर्केस्ट्रातले वादक हार्प उजव्या खांद्यावर टेकवतात. उजवा हात वरच्या पट्टीत, डावा हात खर्जात. वेल्सच्या जुन्या रीतीत हार्प डाव्या खांद्यावर. म्हणजे चाल खेळवणारा हात डावा, आणि खर्ज उजव्याकडे. नॅन्सी अशीच बसायची. हा बारीकसा फरक वाटेल, पण ज्याची सारी बोटं एका बाजूला तयार झाली आहेत त्याला दुसऱ्या खांद्यावर हार्प देऊन पाहा. एका पिढीनं खांदा बदलला की आधीच्या पिढीच्या बोटांतलं बरंच काही तिथेच थांबतं.

आता एक गंमत वाटावी अशी, पण खरी गोष्ट. वेल्सचं राष्ट्रीय वाद्य म्हणून मिरवणारी ही हार्प मूळची वेल्सची नाही. ती घडली इटलीत, सोळाव्या शतकाच्या शेवटी. सतराव्या शतकात ती लंडनच्या दरबारात आली, आणि अठराव्या शतकात लंडनमधल्या वेल्श वादकांनी तिला असं आपलंसं केलं की लोक तिला 'वेल्श हार्प'च म्हणू लागले. हँडेल या संगीतकारानं १७३६ मध्ये लिहिलेला हार्पचा प्रसिद्ध कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना, पॉवेल नावाच्या वेल्श वादकासाठी होता, याच हार्पवर वाजवण्यासाठी. त्याच काळातला रिवाबॉनचा अंध वादक जॉन पॅरी. त्यानं १७४२ मध्ये वेल्श चालींचा पहिला छापील संग्रह काढला. इटलीत ही हार्प मागे पडली, लंडनमध्येही फॅशन बदलली, वेल्सच्या लोकांनी मात्र ती सोडली नाही. माझ्या मते एखादं वाद्य कोणाचं हे ठरवायला एवढं पुरेसं आहे.

अर्थात त्याआधीही वेल्समध्ये हार्प होतीच, घोड्याच्या केसांच्या तारांची. बाराव्या शतकाच्या शेवटी गेराल्ड नावाच्या धर्मगुरूनं वेल्सचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यात तो सांगतो की सकाळी आलेल्या पाहुण्याची करमणूक संध्याकाळपर्यंत मुलींच्या बोलण्यानं आणि हार्पच्या सुरांनी होते. ११७६ मध्ये रीस नावाच्या राजानं कार्डिगनच्या किल्ल्यात कवींची आणि वादकांची स्पर्धा भरवली, जिंकणाऱ्यांना मानाची खुर्ची दिली. आज दरवर्षी भरणाऱ्या 'आइस्टेदवॉद' या साहित्य-संगीत महोत्सवाची मुळं लोक तिथे शोधतात.

या जुन्या संगीताचं एक हस्तलिखित शिल्लक आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अँगलसी बेटावरच्या रॉबर्ट आप ह्यू या वादकानं १६१३ च्या सुमारास जुन्या काळच्या हार्पच्या रचना अक्षरांच्या खुणांनी उतरवून ठेवल्या. हे हस्तलिखित आज ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित आहे. पण ते वाचायचं कसं? तारा कशा लावायच्या, लय कोणती धरायची, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. खुणा राहिल्या, पण त्या वाजवणारे हात मध्येच नाहीसे झाले. शिष्यानं गुरूच्या समोर बसून जे पाहिलं असतं ते कागदावर उतरलेलं नाही. नॅन्सीच्या काळात तीन ओळींच्या हार्पचंही हेच होण्याची वेळ आली होती.

का आली होती, याची दोन कारणं. पहिलं, मेथडिस्ट चळवळ. अठराव्या शतकाच्या मध्यापासून वेल्समध्ये ही धर्मजागृतीची लाट आली आणि गावोगावी चॅपेल, म्हणजे या पंथाची साधी प्रार्थनाघरं, उभी राहिली. हार्प वाजायची ती जत्रेत, नाचात, गुत्त्यात. त्यामुळे नाच आणि दारूबरोबर हार्पही पापाच्या यादीत गेली. राजाच्या पदरी असलेला वादक एडवर्ड जोन्स यानं १८०२ मध्ये छापलेल्या पुस्तकात उघड तक्रार केली आहे की देशाचं गाणं-वाजवणं आणि चालीरीती एकाएकी बुडाल्या त्याला हे कट्टर उपदेशक जबाबदार आहेत. चॅपेलनं वेल्श माणसाला त्याच्याच भाषेत वाचायला शिकवलं, समूहानं चार आवाजांत गायला शिकवलं. आज जगाला ठाऊक असलेले वेल्सचे वृंदगायक त्यातूनच आले. ते ऋण खरंच आहे. पण त्या वृंदगायनात हार्पला जागा नव्हती.

दुसरं कारण पेडल. एकोणिसाव्या शतकात मैफलीचं संगीत एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत भराभर उड्या मारू लागलं. ते पेडलच्या हार्पला सोपं, तीन ओळींच्या हार्पला जड. मग हुशार मुलं पेडलकडे वळली. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या दरबारी वाजवणारा जॉन थॉमस लहानपणी तीन ओळींची हार्प वाजवायचा. लंडनला शिकायला गेला आणि पेडलचा वादक झाला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पोट आणि कीर्ती दोन्ही तिकडे होती.

या ओहोटीत दोन ठिकाणी पाणी टिकलं. एक ठिकाण म्हणजे लेडी लॅनोवर या श्रीमंत बाईंचा वाडा. त्यांनी १८३४ पासून ॲबरगॅवनीच्या आइस्टेदवॉदला पाठबळ दिलं, पदरी वादक ठेवले, बक्षीस म्हणून तीन ओळींच्या हार्प घडवून दिल्या. दुसरं ठिकाण अगदी उलट्या टोकाचं, रस्त्यावरचं. अठराव्या शतकात एब्रम वुड नावाचा रोमानी माणूस कुटुंबकबिला घेऊन वेल्समध्ये आला. रोमानी म्हणजे शतकांपूर्वी भारतातून निघून युरोपभर पसरलेले भटके लोक. त्यांच्या भाषेचं मूळ आपल्या उत्तर भारतीय भाषांच्या कुळात आहे. वुडच्या वंशजांनी वेल्श शिकली, फिडल म्हणजे व्हायोलिन आणि हार्प हाती घेतली, आणि चॅपेलला जाणाऱ्या लोकांनी टाकलेल्या चाली आपल्या पोरांना दिल्या. त्याच वंशातला न्यूटाउनचा जॉन रॉबर्ट्स, १८१६ ते १८९४, 'तेलनोर कम्री' म्हणजे वेल्सचा हार्पवादक या नावानं गाजला. स्थिर, प्रतिष्ठित समाजानं ज्या वाद्याकडे पाठ फिरवली, ते गावाबाहेर मुक्काम करणाऱ्या लोकांनी जपलं. या गोष्टीशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो.

आणि इथेच नॅन्सीचं बालपण येतं. तिच्या घरच्या शेतावर रोमानी कुटुंबं मुक्कामाला यायची. त्यांचं वाजवणं तिनं लहानपणी ऐकलं. पद्धतशीर शिकली ती टॉम लॉइड या वादकाकडे, ज्याला लोक 'तेलनोर केरियोग' म्हणत. शिकणं म्हणजे पुस्तक उघडून नव्हे. त्यानं वाजवायचं, हिनं ऐकायचं, त्याच्या बोटांकडे बघायचं आणि तसं करून पाहायचं. आपल्याकडे गुरूसमोर बसून शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. नाच, लग्न, 'नोसॉन लावेन' म्हणजे घरी जमून गाण्या-गप्पांची रात्र जागवणं, अशा ठिकाणी वाजणाऱ्या चाली, त्यांवरच्या खुलावटी, हे सगळं तिच्या बोटांत असं उतरलं.

१९०६ मध्ये वेल्सच्या लोकगीतांसाठी संस्था स्थापन झाली. मंडळी गावोगाव फिरून गाणी टिपू लागली, काही जण तर फोनोग्राफ घेऊन निघाले. म्हणजे जाणत्या लोकांना कळलं होतं की म्हातारी माणसं जातायत आणि त्यांच्याबरोबर गाणीही. नॅन्सी तेव्हा अठरा वर्षांची होती. दोन वर्षांनी, १९०८ मध्ये, तिनं राष्ट्रीय आइस्टेदवॉदमध्ये तीन ओळींच्या हार्पची स्पर्धा जिंकली. १९०९ मध्ये पुन्हा, १९१० मध्ये पुन्हा.

नंतरचं आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण मानमरातबाची यादी हा या लेखाचा विषय नाही. ती काही काळ लंडनला संगीत शिकली, करमणुकीच्या थिएटरांतून दौरे केले, १९२० च्या दशकात अमेरिकेत जाऊन वाजवून आली. १९३० च्या सुमारास एडिथ इव्हान्स या वादक मैत्रिणीबरोबर 'कोर तेलिन एरारी' हा वृंद उभा केला आणि गावोगावी कार्यक्रम केले. १९६७ मध्ये ब्रिटिश सरकारचा किताब मिळाला, १९७७ मध्ये वेल्स विद्यापीठाची मानद डॉक्टरेट. यातलं गावोगावी जाणं मला सगळ्यात मोठं वाटतं. लंडनच्या सभागृहात वाजवून परंपरेचं कौतुक होतं. पण लहान गावातल्या पोराला ही हार्प प्रत्यक्ष दिसली, ऐकू आली, तर त्याला ती शिकावीशी वाटू शकते.

आता गाण्याकडे वळू, कारण वेल्सची हार्प एकटी कधी पुरी होत नाही.

'केर्द दान्त' म्हणजे तारेवरची कला. वेल्श भाषेत शब्दाचं पहिलं अक्षर आधीच्या शब्दाप्रमाणे बदलतं. 'तान्त' म्हणजे तार, पण 'केर्द'च्या मागे आला की त्याचा 'दान्त' होतो. या गाण्याचे भाग दोन. हार्पवर वाजणारी ठरलेली चाल, तिला 'काइंक' म्हणतात. आणि गायकाचा स्वतंत्र सूर, तो 'कवालाउ'. काइंक बदलत नाही, ती पुन्हा पुन्हा वाजते. गायकानं तीच चाल गायची नाही. तिला शोभेल, तिच्याशी जुळेल, पण वेगळी असेल अशी चाल गायची, आणि तीत कविता म्हणायची.

तबल्याचा स्वतंत्र वादनाचा कार्यक्रम ऐकला असेल तर तुम्हाला लेहरा माहीत आहे. पेटीवर एकच ओळ फिरत राहते आणि तबलजी तिच्यावर हवं तिथे हिंडून समेवर येतो. काइंक साधारण तशी. फरक हा की आपल्याकडे भेटीची जागा आवर्तनाची पहिली मात्रा. तिथे चालीचा अगदी शेवटचा स्वर. म्हणून हिशेब शेवटाकडून मागे करायचा.

तो हिशेब एकदा करून पाहू. पाश्चात्त्य पद्धतीत मात्रांचे सारखे गट पाडतात. एका गटाला आपण घर म्हणू. समजा काइंक १६ घरांची आहे. कवितेच्या कडव्यात सहा ओळी आहेत, आणि एक ओळ म्हणायला दोन घरं लागतात. म्हणजे कडव्याला १२ घरं. १६ मधून १२ गेले, उरले ४. तेव्हा हार्पची पहिली चार घरं गायकानं गप्प बसायचं आणि पाचव्या घरावर सुरुवात करायची. मग कडव्याचा शेवटचा शब्द आणि चालीचा शेवटचा स्वर एकाच क्षणी येतात. मला जी हुकलेली सुरुवात वाटली होती ती ही चार घरं होती.

प्रत्यक्षात काम याहून नाजूक असतं. ओळी कमी-जास्त लांबीच्या असतात. बोलताना शब्दाच्या ज्या अक्षरावर जोर येतो तो मात्रेच्या जोराशी जुळावा लागतो, नाहीतर वेल्श कानाला शब्द मोडल्यासारखा वाटतो. अर्थाच्या मध्येच श्वास तुटता कामा नये. ही जुळणी आधी बसवणाऱ्याला 'गोसोदुर' म्हणतात, बसवणारा. स्पर्धेत गायकाइतकंच लक्ष गोसोदुरच्या कामाकडे असतं. या कलेची संस्था १९३४ मध्ये बाला गावात स्थापन झाली आणि तिनं नियम नीट बांधून दिले.

त्याआधी हे सगळं आयत्या वेळी चालायचं. गाणारे गोल करून बसत. हार्पवाला एक काइंक सुरू करी. पाळी येईल त्यानं ती ऐकता ऐकताच तिच्या मापात बसणारं कडवं मनात शोधायचं, योग्य घरावर उचलायचं आणि शेवटी बरोबर पोहोचायचं. बसणारं कडवं आठवलं नाही तर तो बाद. त्यासाठी माणसाच्या डोक्यात शेकडो कडवी असावी लागत. ही जुनी, निनावी, चार-चार ओळींची कडवी म्हणजे 'हेन बेनिल्यॉन'. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचा कवी जसा कोणाला सांगता येत नाही, तसंच यांचंही. त्यातल्या एका कडव्याचा आशय असा: सोनं संपतं, चांदी संपते, मखमल झिजते, रेशीम झिजतं, पण 'हिराइथ' काही संपत नाही. हिराइथ म्हणजे दूर राहिलेल्या घराची, गेलेल्या माणसाची, परत न येणाऱ्या काळाची ओढ. मराठीत तिला एक शब्द नाही. हुरहूर जवळ येतो, पण त्यात घर नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. केर्द दान्त वेल्श भाषेवाचून होत नाही. शब्दांचा जोर, ओळीचं माप, कडव्यांचा साठा, सगळं भाषेत आहे. भाषा बोलणारे कमी झाले की गोल करून बसणारे कमी होतात.

सहसा हार्प वाजवणारा एक आणि गाणारा दुसरा. पण काही जण दोन्ही करतात, आणि तो प्रकार ऐकताना मला अजून आश्चर्य वाटतं. बोटं एक चाल धरून आहेत, गळा वेगळी चाल गातो आहे, आणि दोन्ही एकाच डोक्यातून निघत आहेत. ओसियन एलिस, १९२८ ते २०२१, हा अशांपैकी. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचा मुख्य हार्पवादक. बेंजामिन ब्रिटन या मोठ्या संगीतकारानं १९६९ मध्ये हार्पची रचना त्याच्यासाठी लिहिली. पण हाच माणूस स्वतःच्या हार्पच्या साथीनं वेल्श गाणी आणि पेनिल्यॉन, म्हणजे अशी कडवी, म्हणायचा. नॅन्सीच्याच मंटगमरीशरमधल्या, लॅनेर्विलच्या शान जेम्स आजच्या काळात गायिका आणि हार्पवादक अशा दोन्ही नात्यांनी हे संगीत गातात. त्या भागात नाताळच्या दिवसांत 'प्लगाइन' होतं. चर्चमध्ये घरोघरचे छोटे गट एकामागून एक उठतात, कोणी नाव पुकारत नाही, वाद्याची साथ नसते, जुनी लांबलचक भजनं म्हणतात आणि जागेवर जाऊन बसतात. टाळ्या नाहीत. जिथे गाणं असं घराघरांत शिल्लक आहे तिथूनच अशा बायका पुढे येतात, हे काही नवल नाही.

परत नॅन्सीकडे. उतारवयात तिनं शिकवलं, आणि जशी शिकली तसंच: कानानं, समोर बसवून. लुइंग्रिल गावचे दोन भाऊ, दाविद आणि ग्विनदाव रॉबर्ट्स, तिच्याकडे तीन ओळींची हार्प शिकले. १९७६ मध्ये त्यांनी मित्रांबरोबर 'आर लॉग' हा गट काढला आणि लोकसंगीत घेऊन देशोदेशी फिरले. अँगलसीची ल्लिओ ऱ्हदर्ख ही तिची आणखी एक शिष्या. तिनंही पुढे मुलांना स्वरलिपी न देता कानानंच शिकवलं. नॅन्सी २१ डिसेंबर १९७९ ला गेली तेव्हा तिच्या मागे नुसत्या ध्वनिमुद्रिका नव्हत्या, शिकलेले हात होते.

रोमानी धागाही तुटला नाही. जॉन रॉबर्ट्सची पणती एल्ड्रा जार्मन घराण्याच्या चाली जाणत होती. रॉबिन ह्यू बोवेन या वादकानं तिच्यासमोर बसून त्या घेतल्या. एब्रम वुडच्या वंशात दीडशे-दोनशे वर्षं फिरलेल्या चाली अशा एका खोलीत एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेल्या.

२००० च्या सुमारास बोवेननं आणखी चार वादकांना बरोबर घेऊन एक गट उभा केला. पाचही जण तीन ओळींची हार्प वाजवतात. गटाचं नाव 'ऱ्हेस गानोल', म्हणजे मधली ओळ. बाहेरून नीट न दिसणारी, दोन तारांच्या फटीतून बोट घालूनच जिच्यापर्यंत पोहोचता येतं, ती.